टायमिंग सुटलंय की सेन्सर गेलाय? बेल्टचं कव्हर उघडण्याआधीची तपासणी

तुमची तक्रार थोडक्यात अशी. टायमिंग बेल्ट बदलल्यापासून पेट्रोल गाडीला पिकअप राहिलेला नाही, आयडलिंगला ती थरथरते, इंजिनचा दिवा लागलाय आणि स्कॅनर लावला की पी००१६ हा कोड दिसतो. पहिला मिस्त्री म्हणाला कॅम सेन्सर गेलाय. तो बदलला, कोड परत आला. दुसरा म्हणतो टायमिंग सुटलंय, सगळं उघडावं लागेल. आता कुणाचं ऐकायचं?

सध्या कुणाचंच नको. दोघांनीही निदान सांगितलंय, पण मोजमाप एकानेही केलेलं नाही. ‘टायमिंग गेलंय’ हे वाक्य फार सोयीचं असतं. गाडी ओढत नाही, गरम होते, सायलेन्सरमधून फटाके फोडते, सकाळी सुरू व्हायला रडवते, काहीही असो, ते कुठेही चिकटतं. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं टायमिंग?

इंजिनात टायमिंग दोन असतात. एक ठिणगीचं, म्हणजे पिस्टन वर येत असताना प्लगने कोणत्या क्षणी ठिणगी टाकायची ते. दुसरं व्हॉल्व्हचं, म्हणजे क्रँक (पिस्टनांनी फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ, जो बेल्ट किंवा चेन सांभाळते. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. पहिलं बिघडलं तर मिश्रण चुकीच्या वेळी पेटतं. दुसरं बिघडलं तर हवा पुरेशी आतच येत नाही, आणि आलेली नीट कोंडली जात नाही.

तुमच्या गाडीत ठिणगीची वेळ कॉम्प्युटर मुख्यतः क्रँक सेन्सरवरून ठरवतो. त्यामुळे बेल्ट एक दात सरकला तरी ठिणगी पिस्टनच्या हिशेबाने जवळपास जागेवरच पडते. उद्या कुणी टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून तिची वेळ दाखवणारा दिवा) लावून ‘टायमिंग एकदम बरोबर आहे’ म्हणालं, तर तो खोटं बोलत नसेल, पण त्याने बेल्ट तपासलेला नसेल. जुन्या डिस्ट्रिब्युटरवाल्या (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग असलेल्या) गाड्यांत गंमत उलटी होते. डिस्ट्रिब्युटर कॅमच्या टोकावर बसवलेला असेल तर बेल्ट सरकला की ठिणगीही त्याच्याबरोबर सरकते. मग कुणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी जागेवर आणतो, गाडी जरा बरी चालते, आणि बेल्टची चूक आत तशीच राहते. डिस्ट्रिब्युटर खाचेच्या पार टोकाला नेऊन आवळलेला दिसला की मी लाइट बाजूला ठेवतो आणि बेल्टकडे वळतो.

आता कोड. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम या दोन सेन्सरांकडून येणाऱ्या खुणा एकमेकींशी जुळत नाहीत, ही कॉम्प्युटरची तक्रार. सेन्सर मेलाय असं तो यात म्हणत नाही. क्रँक सेन्सरच्या सर्किटसाठी सहसा पी०३३५ आणि कॅमसाठी पी०३४० असे वेगळे कोड येतात. सेन्सर जिवंत आहे, खुणा पाठवतोय, फक्त त्या अपेक्षित जागी पडत नाहीत, असं तुमचा कोड सांगतो. त्यामुळे सेन्सर बदलूनही कोड परत आला याचं मला नवल वाटलं नाही. तरी सेन्सरला पूर्ण सोडूनही देत नाही. बेल्टच्या कामात क्रँक पुली काढताना मागच्या दातेरी चकतीला (हिचेच दात क्रँक सेन्सर वाचतो) धक्का लागून ती वाकू शकते, सेन्सरच्या तोंडाला लोखंडाचा कीस चिकटू शकतो, किंवा सेन्सर नीट टेकून बसलेला नसतो. कनेक्टर आणि चकती बघायला दहा मिनिटं लागतात, ती आधी द्या.

त्यानंतरची तपासणी कानाने. इंधन आणि ठिणगी बंद करून सेल्फ मारायचा. बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात, पण इंजेक्टरचा फ्यूज काढणं जास्त खात्रीचं. निरोगी इंजिनाचा सेल्फचा आवाज लयीत येतो. प्रत्येक सिलिंडर दाबावर आला की मोटर किंचित जड होते, मग सुटते, पुन्हा जड होते. बेल्ट तुटलेला असेल तर ती लय नाहीशी होते आणि इंजिन शिलाई मशीनसारखं सरसर फिरतं, कारण कोंडायला हवाच नसते. तसा आवाज आला तर तिथेच थांबा, दुसऱ्यांदा सेल्फ मारू नका. ज्या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतात, तिथे प्रत्येक फेऱ्याला आणखी एखादा व्हॉल्व्ह वाकण्याची शक्यता असते. तुमची गाडी चालतेय, म्हणजे प्रश्न एखाद-दुसऱ्या दाताचा असणार. त्यात लय टिकते, पण मोटर जरा हलकी फिरल्यासारखी वाटते. हा फरक कळायला कान तयार असावा लागतो. नसेल तर कानावर निर्णय घेऊ नका.

माझं सगळ्यात लाडकं साधन व्हॅक्यूम गेज आहे, म्हणजे इंजिन हवा किती जोरात ओढतंय ते दाखवणारा काटा. स्कॅनर आल्यापासून लोकांनी ते पेटीच्या तळाशी टाकलंय. थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) इंजिनाकडच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डला म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांना जोडायचं आणि इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला बघायचं. समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनात काटा १७ ते २१ इंचांच्या (पाऱ्याच्या) आसपास शांत उभा असतो. उंचावर दर हजार फुटांमागे साधारण एक इंच वजा करा. ठिणगी उशिरा पडत असेल तर काटा दोन-चार इंच खाली, पण शांत. व्हॉल्व्हचं टायमिंग मागे पडलं असेल तर बराच खाली, दहाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, आणि तोही बहुधा शांतच. काटा एका लयीत झटके देत असेल तर दुखणं एखाद्याच सिलिंडरचं, तेव्हा बेल्टवर आळ घेऊ नका. गेज नसेल तर स्कॅनरवर मॅनिफोल्ड प्रेशरचा आकडा बघा. गरम इंजिनाला आयडलिंगवर तो साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो. तुमचा ५५-६० दाखवत असेल तर बेल्टवरचा संशय बळावला.

बळावला एवढंच म्हणतोय, कारण व्हॅक्यूम कमी करणारे आणखी दोन जण आहेत. एक, मॅनिफोल्डला कुठेतरी हवेची गळती. दुसरा, चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, जो अगदी मागे पडलेल्या टायमिंगचं सोंग घेतो: पिकअप नाही, इंजिन गरम, ॲव्हरेज घसरलेलं. त्याला पकडायची युक्ती सोपी आहे. इंजिन २५०० आरपीएमवर धरून ठेवा. वाट मोकळी असेल तर काटा वर जाऊन टिकतो. चोंदली असेल तर मिनिटाभरात हळूहळू खाली घसरत जातो. बेल्टच्या दोषात असं घसरणं सहसा दिसत नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो त्याचं मोजमाप. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज केलेली. यातली एक गोष्ट जरी सोडली तरी आकडे फसवतात, आणि थ्रॉटल उघडायचा राहणं ही नेहमीची चूक. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार अपेक्षित असतात, तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. एक सिलिंडर ५ बार आणि बाकीचे १२ असतील तर तो व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केटचा मामला. चारही सिलिंडर सारखेच खाली, समजा ८, ८, ८ आणि ७.५ असे आले, तर टायमिंगचा विचार करा. चारही सिलिंडरांच्या रिंगा एकाच आठवड्यात झिजत नाहीत, आणि तुमची गाडी बेल्ट बदलण्याआधी नीट धावत होती.

इथे एक मेख आहे. इनटेक कॅम मागे पडला तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, आत आलेली हवा परत ढकलली जाते आणि कॉम्प्रेशन घटतं. पण कॅम एक दात पुढे बसला असेल तर सेल्फच्या मंद गतीला कॉम्प्रेशन व्यवस्थित येऊ शकतं, कधी थोडं जास्तही. चालत्या गाडीत ढिला बेल्ट उडी मारतो तेव्हा कॅम बहुतेक मागेच पडतो. हाताने बसवताना झालेली चूक मात्र दोन्हीकडे होऊ शकते, आणि तुमच्या गाडीत चूक असलीच तर ती हाताने झालेली. म्हणून कॉम्प्रेशन चांगलं आलं एवढ्यावर बेल्टला निर्दोष ठरवू नका. दोन कॅमच्या इंजिनात तर फक्त एक्झॉस्ट कॅम चुकला असेल तर कॉम्प्रेशन त्याची फारशी दखलही घेत नाही.

खरा निकाल देतो ऑसिलोस्कोप, म्हणजे सेन्सरची खूण पडद्यावर लाटेसारखी दाखवणारं यंत्र. हल्ली लॅपटॉपला जोडायचे छोटे स्कोप मिळतात, आणि हे काम करणारा माणूस शोधण्यात घातलेला वेळ वाया जात नाही. एका चॅनलवर क्रँक सेन्सर, दुसऱ्यावर कॅम सेन्सर. बऱ्याच इंजिनांत क्रँकच्या चकतीवर ६० दातांची जागा असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. म्हणजे पडद्यावर ५८ लाटा, मग एक मोकळी जागा, पुन्हा ५८. प्रत्येक दात म्हणजे क्रँकचे ६ अंश. आता बेल्टचा हिशेब करा. क्रँकच्या पुलीला समजा २० दात आहेत, तर कॅमच्या पुलीला ४०. बेल्ट एक दात चुकला तर कॅम ९ अंश चुकला, म्हणजे क्रँकच्या मापात १८ अंश. भागिले ६, तीन लाटा. मोकळ्या जागेपासून कॅमच्या खुणेपर्यंत लाटा मोजायच्या आणि त्याच इंजिनाच्या चांगल्या नमुन्याशी ताडून बघायच्या. तीन लाटांचा फरक आला तर एक दात, सहाचा आला तर दोन. अंदाजाला जागाच उरत नाही, नुसती मोजणी. तुमच्या पुलीचे दात वेगळे असतील तर आकडे बदलतील, रीत तीच. फरक एखाद्याच लाटेचा असेल तर मात्र दात सरकलेला नाही. तिथे ताणलेली चेन, हललेली चकती किंवा व्हीव्हीटीचा (व्हॉल्व्हची वेळ चालत्या इंजिनात बदलणाऱ्या यंत्रणेचा) अडकलेला फेजर, म्हणजे कॅम फिरवणारा भाग, शोधायचा.

व्हीव्हीटीचा विषय निघालाच आहे तर तोही उरकू. तुमच्या इंजिनात कॅम पुढेमागे करणारी यंत्रणा असेल तर ती ऑइलच्या दाबावर चालते. ऑइल कमी, जुनं, किंवा चुकीच्या ग्रेडचं असेल तर फेजर अडकतो आणि कॅम जागा सोडतो. बहुतेक वेळा त्याचे कोड पी००११ किंवा पी००१२ असतात, पण पी००१६ ही येऊ शकतो. आधी डिपस्टिक बघा. मग व्हीव्हीटीचा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडझाप करणारा विजेचा व्हॉल्व्ह) काढून त्याची बारीक जाळी गाळाने भरलीय का ते बघा. इंजिन आयडलिंगवर असताना सोलेनॉइडला क्षणभर १२ व्होल्ट दिले तर इंजिन अडखळायला किंवा बंद पडायला हवं. अडखळलं तर फेजर हलतोय. ढिम्म राहिलं तर सोलेनॉइड, ऑइलची वाट किंवा फेजर यांच्यापैकी कुणीतरी झोपलंय. सोलेनॉइड दोन तारांचा आणि १२ व्होल्टचाच आहे याची खात्री केल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

एवढ्यावर संशय बेल्टवरच राहिला, तर वरचं कव्हर काढा आणि पुल्यांवरचे जुळणीचे मार्क बघा. इथे मी स्वतः एकदा सपशेल फसलोय. क्रँकच्या बाहेरच्या पुलीवरचा मार्क शून्यावर आणला, कॅमचा मार्क दीड-दोन दात मागे. पक्कं निदान झालं म्हणून बेल्ट उतरवला, ‘बरोबर’ बसवला, आणि गाडी सुरूच होईना. नंतर कळलं की त्या पुलीत आतला आणि बाहेरचा भाग यांच्यामध्ये रबर असतं. ते सुटून बाहेरचं कडं फिरलं होतं आणि मार्क त्या कड्यावर होता. कॅम मुळात बरोबर होता, मी तो बिघडवला. अख्खा दिवस गेला, वर मालकाला खरं सांगावं लागलं ते वेगळंच. तेव्हापासून बाहेरच्या पुलीवर मी विश्वास ठेवत नाही. एक नंबरचा पिस्टन खरोखर वर आहे का, ते प्लगच्या भोकातून बघतो.

तेही नुसती काडी टाकून नको. वरच्या टोकाशी पिस्टन क्रँकच्या बऱ्याच अंशांत जेमतेम हलतो, त्यामुळे काडी थांबल्यासारखी वाटते तिथे सहज पाच-सात अंशांची चूक होते. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला वाटेत अडवणारा दांडा) बसवा, क्रँक हाताने हळूच एका दिशेला फिरवून पिस्टन टेकला की पुलीवर खूण करा, मग उलट दिशेने टेकवून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक. हे फक्त पाना लावून हाताने, आणि बेल्ट जागेवर असतानाच. सेल्फने केलंत तर पिस्टनला भोक पडू शकतं. आणखी एक: पिस्टन चक्रात दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून क्रँक फिरवा. हवा अंगठा ढकलत असेल तर तो कॉम्प्रेशनचा टीडीसी.

चेन असलेल्या गाडीवाल्यांसाठी सांगतो, कारण यावरून हमखास घबराट होते. चेनच्या रंगीत कड्या मार्काशी फक्त बसवताना जुळतात. दोन फेरे दिले की स्प्रॉकेटवरचे मार्क परत जागी येतात, रंगीत कड्या येत नाहीत. त्या पुन्हा जुळायला बरेच फेरे लागतात. कड्या हलल्या म्हणून टायमिंग सुटलं असं नसतं. गार इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखडाट येत असेल तर चेनचा टेन्शनर (तिला ताठ ठेवणारा भाग) आणि चेनची लांबी तपासा. चेन रबरासारखी ताणली जात नाही. तिच्या प्रत्येक पिनेत आणि बुशात कणभर झीज होते, आणि शेकडो कड्यांची मिळून ती दिसू लागते.

आता तुमच्या बाबतीत काय झालं असेल? माझा अंदाज सांगतो. बेल्ट बसवताना मार्क जुळले असतील, पण क्रँक आणि कॅम यांच्यातला बेल्टचा ओढता पट्टा, म्हणजे टेन्शनर नसलेली बाजू, किंचित सैल राहिली असेल. टेन्शनरची पिन काढली की तो सगळा सैलपणा आपल्याकडे ओढतो, आणि त्या ओढीत कॅम जागचा हलतो. काम करणाऱ्याने आधी मार्क बघितले, नंतर बघितलेच नाहीत. म्हणून बेल्ट चढवताना ओढत्या बाजूपासून सुरुवात करायची, तो पट्टा ताठ ठेवायचा, सगळा सैलपणा टेन्शनरकडे गोळा करायचा. टेन्शनर सोडल्यावर क्रँक तिच्या चालत्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायची आणि मार्क पुन्हा बघायचे. फिरवताना कुठेही कडक अडकलं तर जोर करू नका, पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो. क्रँक क्रँकच्याच बोल्टने फिरवा, कॅमच्या बोल्टने कधीच नाही.

मार्क अर्धाच दात चुकलेला दिसला तर? अर्धा दात सरकत नसतो. एक तर ओढती बाजू सैल आहे, किंवा पुलीवरचा भलताच मार्क धरलाय (काही पुल्यांवर दोन असतात), किंवा कधीतरी हेड घासून पातळ केलंय. हेड खाली आलं की कॅम किंचित मागे पडतो. काही इंजिनांत पुलीला चावीच (दांड्यावर तिची जागा पक्की करणारी खुंटी) नसते, ती फक्त बोल्टच्या आवळण्यावर धरते. तिथे लॉकिंग टूल (क्रँक-कॅम जागेवर अडकवून ठेवणारं हत्यार) लावल्याशिवाय मार्कांना काहीच अर्थ नाही. तुमचं इंजिन त्या जातीचं असेल आणि काम टूलशिवाय झालं असेल, तर मला पुढचं काही विचारायची गरज नाही.

ठिणगीच्या टायमिंगचं दोन शब्दांत सांगतो, कारण तुमचा कोड त्या बाजूचा नाही. ठिणगी फार लवकर पडली तर चढावर किंवा जोर देताना टकटक ठोका येतो, आणि गरम इंजिनाला सेल्फ उलटा झटका खातो. फार उशिरा पडली तर पिकअप जातो, इंजिन तापतं, आग सायलेन्सरकडे जाते. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरते, म्हणून पिस्टन वर पोहोचण्याच्या बरीच आधी ठिणगी टाकावी लागते आणि वेगाप्रमाणे ती पुढेमागे करावी लागते. जुन्या गाडीत हे काम डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि व्हॅक्यूमचा पडदा करतात. पडद्याच्या नळीला तोंड लावून हवा ओढा. ती धरून राहिली नाही तर पडदा फाटलाय. टायमिंग लाइटमध्ये मार्क एका जागी न राहता नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा बुश नाहीतर चेन ढिली आहे. कॉम्प्युटरवाल्या गाडीत ठोका आला तर ठिणगीकडे जाण्याआधी इंधनाचा ऑक्टेन, आत साचलेला कार्बन, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि इंजिनाचं तापमान बघा.

तुम्ही आता असं करा. आधी कनेक्टर आणि दातेरी चकती, मग व्हॅक्यूम, मग कॉम्प्रेशनचे चार आकडे कागदावर. जमलं तर स्कोप. हे घेऊन ज्याने बेल्ट बसवला त्याच्याकडेच जा आणि कव्हर त्याच्याकडून तुमच्यासमोर उघडून घ्या. दात चुकलेला निघाला तर बेल्ट पुन्हा बसवताना टेन्शनर पुन्हा वापरण्याजोगा आहे का, आणि कॅम-क्रँकच्या सीलमधून ऑइल बेल्टवर येत नाही ना, हेही बघून घ्या. ऑइल लागलेला बेल्ट नवा असला तरी बदला. काम झाल्यावर कोड पुसा, गाडी गरम करा आणि तोच व्हॅक्यूम, तेच चार सिलिंडर पुन्हा मोजा. काटा वर गेला पण एकच सिलिंडर मागे राहिला, तर त्या सिलिंडरची लीक-डाउन टेस्ट (आत हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) करून घ्या. एक दात चुकलेला असताना इतके दिवस गाडी चालवलीय, तेव्हा एखाद्या व्हॉल्व्हला पिस्टन हलकेच टेकून गेलेला असू शकतो.